अँटिबायोटिक आणि डिप्रेशन : लपवू नका, डॉक्टरांना सांगा

घसा दुखला, ताप आला की आपण सरळ मेडिकलवर जातो आणि मागच्या वेळचीच गोळी मागतो. बरं वाटलं की उरलेली पट्टी कपाटात जाते आणि पुढे घरातल्याच कुणाला तरी दिली जाते. या गोळ्यांनी पोट बिघडतं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांचा मनाशीही संबंध असू शकतो.

ब्रिटनमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स घेतलेल्यांमध्ये पुढे डिप्रेशनचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. जितके कोर्स जास्त, तितकं प्रमाणही जास्त. याचा अर्थ गोळीनेच डिप्रेशन आलं, असं नाही. सतत आजारी पडणारा माणूस तसाही खचतो. पण आतड्यांतल्या उपयोगी जंतूंचा मेंदूशी संबंध असतो आणि अँटिबायोटिक त्यांनाही मारतं. म्हणून संशोधक या बाजूनेही तपास करत आहेत.

काही औषधांबाबत मात्र इशारा स्पष्ट आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांनी काहींना बेचैनी, गोंधळ असे त्रास होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये हा इशारा आणखी ठळक केला. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं सायक्लोसेरिन काहींना डिप्रेशनकडे नेऊ शकतं. त्याच टीबीतलं लिनेझोलिड डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि इथेच आपली सवय घात करते. लोक काय म्हणतील, मुलीच्या रिश्त्याचं काय होईल, या भीतीने आपण मनाच्या आजाराची औषधं डॉक्टरांपासूनही लपवतो. तसं करू नका. चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा.

कोर्स सुरू असताना अम्मी गप्प झाल्या, अब्बूंची झोप उडाली, तर "नजर लागली" किंवा "इमान कमजोर झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पण औषध, विशेषतः टीबीचं, स्वतःहून बंद करू नका. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागतच नाही, हेही लक्षात ठेवा.

दुआ जरूर करा, पण दवाही घ्या. इलाज करणं ही आपल्या नबींचीच शिकवण आहे. मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, 14416 या नंबरवर, मोफत बोलता येतं.