पाळणाघरांची स्पर्धा आणि फलकावर न येणारा दर्जा

पुणे, ठाणे किंवा नवी मुंबईच्या नव्या वसाहतींमध्ये एकाच रस्त्यावर दोन-तीन पाळणाघरे आढळतात आणि त्यांच्या फलकांवर सीसीटीव्ही, वातानुकूलित खोली, इंग्रजी संभाषण व घरगुती जेवण यांची आश्वासने जवळजवळ सारखीच असतात. हे साम्य योगायोगाचे नाही. पैसे देणारे पालक आणि सेवा घेणारे, अजून नीट बोलताही न येणारे मूल, अशी ही विभागणी असल्यामुळे अर्थशास्त्रातील ‘माहितीची असमानता’, म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट घेणाऱ्याला न कळणे, येथे टोकाला जाते आणि स्पर्धा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवरच होते. रडणाऱ्या बाळाला किती वेळात उचलले जाते, एका ताईकडे किती मुले असतात, ती ताई वर्षभर टिकते का, यांपैकी काहीही फलकावर येत नाही. शुल्क कमी ठेवण्याची चढाओढ लागली की जागेचे भाडे कमी होत नसल्याने काटछाट ताईंच्या पगारात होते. आणि सरावाची ताई निघून गेली की मूल पुन्हा परक्या हातांत जाते, ही हानी सर्वांत गंभीर मानावी लागेल.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ती जबाबदारी मालकांची असून गल्लीतील खासगी पाळणाघरांचा दर्जा तिने ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद देतो, पण नुकसान झाल्यानंतरची दाद मुलाच्या कामाची नसते. म्हणून पालकांनी जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन, एका ताईमागे किती मुले आहेत हे स्वतः मोजूनच निर्णय घ्यावा.