बंद पडलेली गाडी ओढून नेताना

पावसाळ्यात किल्ल्यातले नर-मादी धबधबे पाहायला नळदुर्गला गर्दी होते. तुळजापूर–अक्कलकोट करणारे भाविकही इथूनच सोलापूर–हैदराबाद महामार्ग ओलांडतात. यात एखादी कार बंद पडली, की कुणी तरी दोर काढतो आणि ती सोलापूरपर्यंत ओढत न्यायचं ठरतं.

इथे थांबा. नियमानुसार बंद गाडी फक्त जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोल पंपापर्यंतच ओढता येते. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर हवाच. सोलापूर सुमारे 45 किलोमीटर! भरधाव ट्रकांच्या रस्त्यावर या वेगाने जवळपास दोन तास रांगत जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

इंजिन बंद असलं की ब्रेकचा पॅडल दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं. किल्ली काढली तर ते लॉकच होतं. दोर बंपरला नव्हे, टो-हुकलाच बांधा. ऑटोमॅटिक गाडी मात्र ओढूच नका, ती फ्लॅटबेडवरच चढवा.

विम्याचं म्हणाल, तर अपघातानंतर गाडी गॅरेजला हलवण्याच्या खर्चापोटी खासगी कारच्या सर्वसमावेशक पॉलिसीत ठरलेली मर्यादा अवघी 1500 रुपयांची. नुसती बंद पडलेली गाडी त्यात बसत नाही. त्यासाठी ‘रोडसाइड असिस्टन्स’ वेगळं घ्यावं लागतं. नूतनीकरणाच्या वेळी ते जरूर घ्या, आणि राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हा मदत क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा.