पोटभर आणि सकस : मर्यादित खर्चातील रोजच्या आहाराचे गणित

भारतातील अन्नविषयक धोरणाची चर्चा दीर्घकाळ धान्याभोवतीच फिरत राहिली. ते स्वाभाविकही होते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या पुण्यातील अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही कसोटी मानली होती. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ही मर्यादा ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० उष्मांक अशी ठरविली. उष्मांक मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तृणधान्ये. त्यामुळे स्वस्त धान्य म्हणजेच अन्नसुरक्षा, हे समीकरण रूढ झाले.

या समीकरणाचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी साध्य झाला आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण भागात दरडोई मासिक उपभोग खर्चापैकी ५९.४ टक्के खर्च अन्नावर होत असे आणि एकूण खर्चातील २२ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या तृणधान्यांचा होता. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात अन्नाचा वाटा ४७.०४ टक्क्यांवर, तर तृणधान्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आला. तथापि, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३.१ टक्के होते. सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसून आले. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. पोट भरते आहे, परंतु शरीराला लागणारी प्रथिने, लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. पोषणशास्त्रात या स्थितीला ‘छुपी भूक’ म्हणतात.

थाळीचा हिशेब

हा प्रश्न नवा नाही. कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे संचालक डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्येच भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये आणि त्यांवर आधारित समाधानकारक आहाराचे नियोजन यांविषयी पुस्तिका सिद्ध केली होती. हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व या संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात २,००० उष्मांकांच्या दैनिक आहारासाठी पुढील प्रमाण सुचविले आहे : तृणधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा अंडी-मांसमासे ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक तृणधान्यांतून येऊ नयेत, अशीही शिफारस आहे. प्रत्यक्षात भारतीयांच्या आहारात हा वाटा ५० ते ७० टक्के असतो.

या थाळीला खर्च किती येतो? दर गावोगावी व ऋतुमानानुसार बदलतात. म्हणून येथे घेतलेले दर केवळ उदाहरणादाखल समजावेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. उरलेले ८३ ग्रॅम धान्य ४० रुपये किलोने घेतल्यास सव्वातीन रुपये लागतात. डाळ १२० रुपये किलो धरल्यास दहा रुपये, भाजी ४० रुपये किलोने सोळा रुपये, केळी-पेरूसारखे फळ पाच रुपये, शेंगदाणे पाच रुपये, तेल चार रुपये आणि ६० रुपये लिटरचे दूध अठरा रुपये. बेरीज साधारण ६१ रुपये होते; महिन्याकाठी सुमारे १,८४० रुपये. यात इंधन व मसाला धरलेला नाही.

हा आकडा सर्वेक्षणाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातील सरासरी दरडोई मासिक खर्च, मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य न धरता, ४,१२२ रुपये होता. म्हणजे अन्नावरील खर्च सुमारे १,९४० रुपये. सरासरी कुटुंबाला ही थाळी कशीबशी परवडू शकते. परंतु त्या १,९४० रुपयांतील ४०० रुपयांहून अधिक रक्कम पेये, न्याहारीचे तयार पदार्थ व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ यांवर जाते. ही रक्कम तृणधान्यांवरील खर्चाच्या जवळपास दुप्पट आहे. आणि ग्रामीण लोकसंख्येतील सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा सर्व गोष्टींवरील मिळून दरडोई मासिक खर्च अवघा १,६७७ रुपये होता. घर, औषध, कपडे, शाळा यांसकट हा खर्च आहे. त्यांच्यासाठी वरील थाळी एकूण खर्चाहूनही महाग ठरते.

काटकसर कोठे करावी

वरील हिशेबात दूध व भाजी मिळून निम्म्याहून अधिक खर्च होतो, तर धान्याचा वाटा नगण्य आहे. साहजिकच पैसे कमी पडले की प्रथम दूध, मग फळ, मग भाजी कमी होते, डाळ पातळ होते आणि भात किंवा पोळी वाढते. गरिबीतील आहार नेमका या क्रमाने निकृष्ट होत जातो. त्यामुळे ‘रुपयाला किती उष्मांक’ यापेक्षा ‘रुपयाला किती पोषण’ हा प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते.

प्रथिनांचेच उदाहरण घेऊ. तूरडाळीत शेकडा सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. १२० रुपये किलोच्या दराने दहा ग्रॅम प्रथिनांसाठी साडेपाच रुपये पडतात. शेंगदाण्यांचा हिशेबही १४० रुपये किलोला जवळपास तेवढाच येतो. सोयाबीनच्या वड्यांमध्ये निम्मे वजन प्रथिनांचे असते. त्यामुळे त्याच भावात हा खर्च तीन रुपयांच्या आत राहतो. सात रुपयांच्या अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दहा ग्रॅमला साडेअकरा रुपये. दुधातून तेवढीच प्रथिने मिळविण्यास अठरा-एकोणीस रुपये लागतात. जाहिरातींतून खपणाऱ्या प्रथिनांच्या भुकटीचा हिशेब वाचकांनी डब्यावरील किंमत पाहून स्वतःच करावा. तो उद्बोधक ठरेल.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तृणधान्यांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते, तर डाळींत मिथिओनिनची. दोन्ही एकत्र आल्यावर परस्परांची उणीव भरून निघते. म्हणून साधारण तीन भाग धान्यास एक भाग डाळ हे प्रमाण सुचविले जाते. डॉ. सी. गोपालन व डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी धान्य-डाळीचा नेहमीचा आहार पुरेशा प्रमाणात मिळाला तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते, असे प्रतिपादन केले होते. पण प्रथिने म्हणजे संपूर्ण पोषण नव्हे. ब-१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा मासे लागतात. दूध अर्ध्यावर आणता येईल, पूर्ण वगळता येणार नाही. अंडी खाणाऱ्यांना आठवड्यातून काही दिवस अंडे हा स्वस्त पर्याय आहे. कॅल्शियमची भरपाई मात्र नाचणीतून होऊ शकते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ वा गहू तिच्या जवळपासही येत नाहीत.

भाजीच्या बाबतीत हंगाम हाच मोठा सवलतदार. हंगामी पालेभाजी, शेवग्याचा पाला, भोपळा, मुळ्याचा पाला हे लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे स्रोत टोमॅटो वा फ्लॉवर महागल्यावरही आवाक्यात असतात. फळांविषयी आपल्या समाजात एक विचित्र प्रतिष्ठेची उतरंड आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंद नेले जाते, पण शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते आणि सफरचंदात चार-पाचच. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाच्या शोषणास मदत करते. म्हणून जेवणात लिंबाची फोड घेणे व जेवणालगतचा चहा टाळणे हे दोन उपाय जवळजवळ फुकट आहेत. कडधान्यांना मोड आणणे, पीठ आंबविणे यांमुळेही लोह व जस्त अडवून ठेवणारे फायटेट घटते. दूध अर्ध्यावर आणून त्याची जागा नाचणी व पालेभाज्यांना दिली आणि हंगामी भाजी पंचवीस रुपये किलोने घेतली, तर वरील थाळी ६१ रुपयांवरून सुमारे ४६ रुपयांवर येते.

घरापासून दूर, पुण्याच्या पेठांत वा दिल्लीच्या राजेंद्रनगरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्ण स्वयंपाक शक्य नसतो. खाणावळीच्या डब्यात धान्य पुरेसे असते, तुटवडा इतर घटकांचा. फुटाणे, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, उकडलेले अंडे, केळे, ताक यांना चूल फारशी लागत नाही आणि चहा-बिस्किटांवर दिवसभरात होणाऱ्या खर्चात त्यांतील दोन-तीन गोष्टी सहज बसतात.

प्रांतोप्रांतीची जुनी उत्तरे

भारताच्या निरनिराळ्या भागांतील साध्या जेवणात हे गणित पूर्वीच सोडविलेले आढळते. बिहारमधील सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. ते कांदा, हिरवी मिरची व लिंबासह घेतले जाते. केरळात तांदळाची कंजी आणि मूग, कर्नाटकात नाचणीची मुद्दे व पालेभाजीचे सारू, ओडिशात डाळ व भाज्या एकत्र शिजविलेली डालमा. आंध्र-तेलंगणातील गोंगुरा पप्पू म्हणजे आपल्याकडील अंबाडी डाळीत शिजवावी तसाच प्रकार. नागालँडमध्ये आंबविलेल्या सोयाबीनची अखुनी, मणिपुरात हवाईजार. महाराष्ट्रातील ज्वारीची भाकरी, पिठले आणि पालेभाजी याच मालिकेतील. या सर्वांत धान्य, डाळ व पाला किंवा आंबट यांची सांगड आहे. पण यांतील भरड धान्ये अनेक ठिकाणी रेशनच्या गहू-तांदळाने बाजूला सारली, हेही खरे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ओडिशाने २०१७ पासून भरड धान्य अभियानाद्वारे नाचणीची खरेदी करून ती शिधावाटपात आणली. शहरांतील दुकानांत आकर्षक वेष्टनांत महाग विकल्या जाणाऱ्या नाचणीपेक्षा हा मार्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

सार्वजनिक व्यवस्थेचा वाटा

घरगुती काटकसरीला मर्यादा आहे. ४६ रुपयांच्या थाळीलाही महिन्याला सुमारे १,४०० रुपये लागतात आणि १,६७७ रुपयांत सर्व भागविणाऱ्याला तेही शक्य नाही. अन्नसुरक्षा कायद्याने हमी दिली आहे ती थाळीतील सर्वांत स्वस्त घटकाची. डाळ आणि तेल त्यात नाही. काही राज्यांनी ही उणीव स्वतःच्या निधीतून भरली. तमिळनाडूने २००७ पासून शिधापत्रिकेवर सवलतीत तूरडाळ व पामतेल देण्यास प्रारंभ केला, तर छत्तीसगडने २०१२ च्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात डाळी व हरभऱ्याचा समावेश केला.

शालेय भोजन ही या साखळीतील दुसरी कडी. प्रधानमंत्री पोषण योजनेत प्राथमिक स्तरावरील मुलास एका वेळच्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक स्तरावर ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे निकष आहेत. धान्य केंद्राकडून मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाले व इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिक स्तराकरिता प्रति विद्यार्थी प्रतिदिन ६.७८ रुपये निश्चित करण्यात आले. निकषानुसार २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल यांचा खर्च वर गृहीत धरलेल्या दरांनी सव्वापाच रुपयांच्या आसपास जातो. मीठ-मसाला व इंधनासाठी दीड रुपया उरतो. त्यात सात रुपयांचे अंडे बसत नाही, आणि म्हणूनच ज्या राज्यांत मुलांच्या ताटात ते पडते, तेथे त्याचा भार प्रामुख्याने राज्याच्या अर्थसंकल्पावर पडतो.