महानगरपालिका सदस्यांचा धोरणनिर्मितीतील सहभाग : वैधानिक संधी आणि कालमर्यादा

प्रस्तावना

महानगरपालिकेवर निवडून गेलेल्या लोकप्रतिनिधीला व्यवहारात 'नगरसेवक' म्हटले जाते. कायद्याच्या मराठी परिभाषेत तो 'पालिका सदस्य' असतो. एके काळी वृत्तपत्रे त्याला 'नगरपिता' म्हणत. महिलांचे प्रतिनिधित्व वाढल्यावर तो शब्द मागे पडला, हे बरेच झाले. तथापि 'सेवक' आणि 'सदस्य' या दोन शब्दांतील अंतर केवळ भाषिक नाही. तुंबलेले गटार, बंद पडलेला दिवा, न आलेले पाणी यांसाठी नागरिक ज्याचे दार ठोठावतात तो सेवक होय. शहराचा पैसा कशावर खर्च व्हावा, कर किती असावा आणि कोणती जमीन उद्यानासाठी राखून ठेवावी हे ठरविणाऱ्या सभागृहात जो बसतो तो सदस्य होय. मतदार पहिल्या भूमिकेची परीक्षा रोज घेतात, दुसरीची क्वचितच घेतात. त्यामुळे दुसरी भूमिका उपेक्षित राहते.

१९९२ मध्ये संमत होऊन १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना संविधानात स्थान दिले. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नमूद झाले. राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, प्रभाग समिती, महानगर नियोजन समिती या संस्थांची तरतूद झाली. राज्य शासनाने अधिकार पुरेसे हस्तांतरित केले नाहीत, ही तक्रार तेव्हापासून सातत्याने मांडली जाते आणि ती रास्तही आहे. परंतु जे अधिकार प्रत्यक्ष कायद्यात आहेत त्यांचा वापर का होत नाही, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. सदस्याला उपलब्ध असलेल्या बहुतेक संधी विशिष्ट तारखांना बांधलेल्या आहेत आणि ती तारीख टळली की अधिकार कागदावरच राहतो, हे प्रामुख्याने पुण्याच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

अधिकारविभागणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील महानगरपालिकांची रचना मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमाच्या साच्यातून निघालेली आहे. त्या अधिनियमाच्या घडणीवर फिरोजशहा मेहता यांचा प्रभाव होता. महापालिकेचे सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त अशी अधिकारांची विभागणी त्यात करण्यात आली. मुंबईखेरीज अन्य महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाने तीच विभागणी स्वीकारली. सभागृहाने व समितीने धोरण ठरवावे, मंजुरी द्यावी व हिशेब विचारावा. कार्यकारी सत्ता मात्र राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे राहावी, असे तिचे सूत्र आहे. महापौर हा त्यात सभेचा अध्यक्ष असतो, शहराचा कार्यकारी प्रमुख नसतो. मुंबईत १९९८ मध्ये 'मेयर इन कौन्सिल' पद्धतीचा प्रयोग झाला. तो अल्पावधीतच गुंडाळण्यात आला.

सदस्याला एकट्याने कोणताही आदेश देता येत नाही, ही बाब नवनिर्वाचितांना निराश करते. खात्याचा अभियंता त्याचे ऐकतो ते बहुधा संकेत म्हणून. कायद्याने तो आयुक्तांना जबाबदार असतो. सदस्याचे सामर्थ्य सभेत, समितीत आणि कागदावर असते. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी खर्च करण्याचा विषय पुढे आला तेव्हा ती रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, अशी भूमिका त्यांनी घेतली. ते सरकारनियुक्त सदस्य होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे मत मान्य झाले नाही. तरी विरोध कशाला आणि का केला, हे आज सांगता येते.

अंदाजपत्रक : तारखांचा क्रम

धोरण म्हणजे अखेर पैशाची वाटणी. या दृष्टीने अंदाजपत्रक ही सदस्याला मिळणारी सर्वांत मोठी संधी होय. १९४९ च्या अधिनियमातील कालक्रमानुसार आयुक्तांनी आपले अंदाज १५ जानेवारीपर्यंत स्थायी समितीपुढे ठेवावयाचे असतात. कराचे दर २० फेब्रुवारीपूर्वी निश्चित करावे लागतात. स्थायी समितीच्या फेरफारांसह अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे येते आणि आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी त्यास मान्यता मिळते. आयुक्तांकडून होणारा विलंब व मुदतवाढ हे नेहमीचेच आहे. परंतु कराची फेब्रुवारीतील तारीख ओलांडली की त्या वर्षापुरता करधोरणाचा दरवाजा बंद होतो. मार्चमध्ये सभागृहात करवाढीवर होणारी तावातावाची भाषणे ऐकावयास चांगली असतात, एवढेच.

जकात, त्यानंतर स्थानिक संस्था कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी मिळणारे शासकीय अनुदान, असा उत्पन्नाचा प्रवास पाहिला तर सदस्यांच्या हातात राहिलेला महत्त्वाचा कर म्हणजे मिळकतकर. या कराबाबत पुण्याचे उदाहरण बोलके आहे. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतींना चाळीस टक्के सवलत देण्याचा निर्णय पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने १९७० मध्ये ठरावाद्वारे घेतला. ती सवलत अनेक दशके चालली. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर राज्य शासनाने तो ठराव रद्द केला, नागरिकांत असंतोष पसरला आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. सभागृहाचा एक ठराव लाखो कुटुंबांच्या घरखर्चावर किती दीर्घकाळ परिणाम करू शकतो हे यातून दिसते. त्याचप्रमाणे शासनाच्या एका आदेशाने तो कसा पुसला जातो, हेही दिसते. सवलत पुन्हा मिळाली तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृहच अस्तित्वात नव्हते.

प्रत्यक्षात सदस्यांचे लक्ष कर किंवा मोठ्या योजनांपेक्षा प्रभागातील कामांच्या तरतुदीकडे असते. पुण्यात ती 'स' यादी म्हणून ओळखली जाते. बाके, कमानी, नामफलक, पदपथावरील फरशा अशी कामे तीत येतात. आर्थिक वर्ष संपत आले की न वापरलेली रक्कम एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळविण्याचे, म्हणजेच 'वर्गीकरणा'चे, प्रस्ताव येऊ लागतात. या कामांची टिंगल करणे सोपे आहे. वस्तुतः ज्याच्या हाती आदेशाचा अधिकार नाही, त्याला मतदारांना दाखविण्याजोगे काहीतरी हवेच असते. शिवाय प्रभागांचे आरक्षण चक्राकार बदलते. पुण्यात २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय, तर २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभाग होते. पुढच्या वेळी आपला प्रभाग राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर दहा वर्षांनी फळ देणाऱ्या मलनिस्सारण योजनेत सदस्याने जीव का ओतावा? पाच वर्षांत दिसणाऱ्या फरशीकडे त्याचा ओढा असणे स्वाभाविक आहे. तथापि या ओढ्याची किंमत मोठी आहे. सदस्य आपल्या यादीच्या रकमेसाठी प्रशासनाशी तडजोड करतो, तेव्हा उरलेल्या अवाढव्य अंदाजपत्रकावर प्रश्न विचारण्याची त्याची शक्ती त्या तडजोडीतच खर्च होते.

प्रभाग समिती व नागरिकांचा सहभाग

तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या संविधानानेच अनिवार्य केल्या आहेत. महाराष्ट्रातील तरतुदीनुसार संबंधित प्रभागांतील सदस्य, प्रभागाचा प्रभारी अधिकारी आणि बिगर शासकीय वा लोकाधारित संस्थांतून नामनिर्देशित तीनपर्यंत व्यक्ती असे तिचे स्वरूप आहे. स्थानिक सेवांविषयीच्या तक्रारींचे निवारण करणे, अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या, मूळ तरतुदीनुसार पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मान्यता देणे आणि अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी प्रभागाच्या खर्चाविषयी शिफारशी करणे ही तिची कामे आहेत. यांतील तिसरे काम सर्वाधिक मोलाचे असून तेच सर्वांत कमी केले जाते. त्यासाठी पावसाळा संपताच कागद तयार असावे लागतात.

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवावे, असे त्याचे स्वरूप होते. आरंभी अनेक सदस्यांना हा आपल्या अधिकारावरील अतिक्रमणाचा प्रकार वाटला असल्यास नवल नाही. परंतु नागरिकांच्या सूचना प्रभाग समितीपुढे येतात, म्हणजेच सदस्याच्या हाती एक आयता दस्तऐवज येतो. आपल्या प्रभागात पदपथ हवे की स्वच्छतागृहे, हे लोकांच्या अर्जांच्या आधारे मांडणारा सदस्य आयुक्तांपुढे अधिक ठामपणे बोलू शकतो. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. तिची अंमलबजावणी मात्र रखडली. या बाबतीत प्रशासनाइतकेच लोकप्रतिनिधीही उदासीन राहिले, हे मान्य करावे लागते.

विकास आराखडा : निसटलेली संधी

अंदाजपत्रक दरवर्षी येते. विकास आराखडा सुमारे वीस वर्षांनी एकदा येतो. एका सदस्याच्या कारकिर्दीत तो एकदा आला तरी भाग्य म्हणावयाचे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखड्यावरील हरकती ऐकण्यासाठी जी नियोजन समिती असते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला बाहेरून नियुक्त केलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. त्या तीन सदस्यांना शहराच्या पुढील पिढीच्या जागांवर मत देता येते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या कालावधीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. शाळेचे मैदान, टेकडी, रस्तारुंदीत जाणारे वाडे यांविषयी लोकांनी लिहिले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नागरिकांनी नियोजनात रस घेणे ही लोकप्रतिनिधींना लाभलेली दुर्मीळ शिदोरी होती. सभागृहात मात्र आरक्षणे बदलण्याचे वाद, उपसूचना आणि तहकुबी यांत काळ गेला. विहित मुदतीत निर्णय न झाल्याने राज्य शासनाने २०१५ मध्ये आराखडा आपल्या ताब्यात घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्याची जवळजवळ निम्मी मुदत तोवर उलटली होती. शासनाने स्वायत्ततेवर घाला घातला, असे तेव्हा सदस्यांनी म्हटले. त्यात तथ्य असले तरी घाला घालण्याची संधी घड्याळाने दिली होती.

ठराव, प्रश्न आणि विखंडन

सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न विचारणे, ठराव मांडणे व उपसूचना देणे ही साधने प्रत्येक सदस्याला, मग तो विरोधी बाकावरील का असेना, उपलब्ध असतात. ठरावाचा प्रवास मात्र लांबचा असतो. विषयपत्रिकेवर येणे, आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाणे, परत येणे, मंजूर होणे वा 'दफ्तरी दाखल' होणे, या टप्प्यांत चिकाटीने मागे लागणारा सदस्यच टिकतो. ऐनवेळी दाखल केलेल्या विषयांना घाईने मिळालेली मान्यता पुढे टिकत नाही. महापालिकेच्या हिताविरुद्ध किंवा कायद्याविरुद्ध वाटणारा ठराव निलंबित वा विखंडित करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. म्हणूनच ठरावामागील कारणमीमांसा लेखी व सविस्तर असणे आवश्यक ठरते.

चांगल्या रीतीने आखलेले धोरण किती दूर जाते, याचा दाखला पुण्याच्या कचरा व्यवस्थापनात मिळतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या चळवळीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा गोळा करण्याबाबत करार केला. करार मुदतीचा असल्याने नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी सदस्यांपुढे तोच प्रश्न नव्याने येतो : हे काम कष्टकऱ्यांच्या संस्थेकडे ठेवावे की ठेकेदाराकडे द्यावे? मुदत संपण्याच्या आदल्या महिन्यात हा प्रश्न हाती घेणाऱ्याला मुदतवाढीपलीकडे काहीच सुचविता येत नाही.

आयुक्तांवर अंकुश ठेवण्याची अंतिम तरतूदही कायद्यात आहे. एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी ठराव झाल्यास आयुक्तांना परत बोलाविण्याची ती तरतूद होय. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. शासनाने मात्र तो अमलात येऊ दिला नाही. हे अस्त्र दिसावयास मोठे असले तरी धोरणनिर्मितीत त्याचा उपयोग अल्प आहे. त्यापेक्षा मुख्य लेखापरीक्षकांचे स्थायी समितीपुढे येणारे अहवाल वाचणे अधिक फलदायी ठरावे. ते वाचणाऱ्यांची संख्या फार नसावी.

प्रशासकीय कालखंडानंतर

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आदी महापालिकांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक आले. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवावयाचा आणि प्रशासक म्हणून त्याच व्यक्तीने तो मंजूर करावयाचा, अशी ही व्यवस्था होती. पुणे महानगर प्रदेशाच्या नियोजन समितीसाठी २०२१ मध्ये नगरसेवकांतून निवडणूक झाली होती. त्या नगरसेवकांची मुदतही पुढील वर्षी संपली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले.

आयुक्तांनी अंदाज स्थायी समितीपुढे ठेवण्याची कायद्यातील अखेरची तारीखही १५ जानेवारीच आहे. त्या दिवशी स्थायी समिती नव्हती, सदस्यही नव्हते. म्हणजे नव्या सभागृहासमोर आलेल्या पहिल्या अंदाजपत्रकाची पूर्वतयारी प्रशासकीय काळात झालेली होती. त्यात त्यांना फेरफार सुचविता येतो, पायाभरणीत भाग घेता येत नाही. प्रशिक्षणासाठी यशदा आणि १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था उपलब्ध आहेत. निवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, विषयपत्रिका कशी वाचावी येथपासून हे प्रशिक्षण झाले तरच त्याचा उपयोग.

१९४९ च्या अधिनियमानुसार स्थायी समितीच्या सोळा सदस्यांपैकी निम्मे एका वर्षाने चिठ्ठीद्वारे निवृत्त होतात. ज्या आठ जणांची नावे त्या चिठ्ठ्यांत निघतील, त्यांच्या वाट्याला प्रभाग समितीच्या शिफारशींपासून सभागृहाच्या मान्यतेपर्यंतचे संपूर्ण अंदाजपत्रकीय वर्ष फार तर एकच येते आणि त्या वर्षाचे काम जानेवारीत नव्हे, आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होते.