कोजागरीची जाग आणि दाराचा अडसर

नवरात्र उठले, दसऱ्याचे सोने वाटून झाले आणि आज आश्विनी पौर्णिमा, कोजागरी. आज मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति', म्हणजे कोण जागे आहे, असे विचारीत घरोघर फिरते, ही कथा वाचकांस नवी नाही. आटीव दूध चंद्राला दाखवावे, ज्येष्ठ अपत्यास ओवाळावे, सोंगट्या खेळत रात्र जागवावी, हा परिपाठ घराघरांतून चालू आहे. कीर्तनात आम्ही ही कथा गेली चाळीस वर्षे सांगत आलो. पण लक्ष्मीच्या वाटेतील एका वस्तूविषयी बोलावयाचे नेहमी राहून जाते. ती वस्तू म्हणजे घराचे दार. ज्या दाराने लक्ष्मी यावयाची त्याच दाराने तिला पळवून नेणाराही येतो, आणि संकटप्रसंगी घरच्या माणसांस बाहेर पडावयाचे तेही त्याच दाराने.

नवरात्रात ज्यांच्या घरी सप्तशतीचा पाठ झाला त्यांस स्मरत असेल की, मुख्य पाठापूर्वी कवच, अर्गला आणि कीलक अशी तीन अंगे म्हणावी लागतात. कवच म्हणजे चिलखत, अर्गला म्हणजे दाराचा अडसर आणि कीलक म्हणजे खीळ. देवीच्या उपासनेला घराच्या बंदोबस्ताचीच भाषा लाभली आहे. परंतु खीळ घालून हे शास्त्र थांबत नाही. खीळ काढण्याचा, म्हणजे उत्कीलनाचा, विधीही उपासकांनी सांगितला आहे. खीळ निघाली नाही तर पाठाचे फळ मिळत नाही, अशी त्यामागील श्रद्धा. तरुणपणी हा भाग आम्हांस केवळ तांत्रिकांचा बारकावा वाटे. त्याचा अर्थ कळावयास आम्हांस मोठी किंमत द्यावी लागली; ती हकीगत पुढे येईल.

पंढरपुरातील आमचे घर पणजोबांच्या वेळचे. दर्शनी दार सागवानी, दोन फळ्यांचे, एका फळीत दिंडी. दिंडीतून आत यावयाचे तर आगंतुकास वाकावे लागते आणि वाकलेल्या माणसास शस्त्र उगारता येत नाही, असे वडील सांगत. दाराच्या आतून अडसर. वीत-दीड वीत घेराचे हे चौकोनी लाकूड दिवसा एका बाजूच्या भिंतीतील पोकळीत सरकवून ठेवावयाचे आणि रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या खोबणीत बसवावयाचे. बाहेरून कितीही धडका बसल्या तरी भार फळीच्या खिळ्यांवर न येता दोन्ही भिंतींवर जातो. या योजनेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. तिचा दुसरा गुण मात्र सहसा ध्यानात येत नाही : अडसराला किल्ली नसते. बाहेरच्या शंभर माणसांस न हटणारे ते लाकूड आतील आठ वर्षांचे पोर अंधारात एका ओढीत मागे सारते.

आता चोराची बाजू पाहू. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकांच्या परिचयाचा आहे. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताचे घर फोडतो. हा चोर शास्त्री आहे. पाणी मुरून भिंत कोठे सैल झाली आहे, लोणा लागून विटा कोठे झिजल्या आहेत, हे तो हात फिरवून पाहतो. भगदाड कमळाच्या आकाराचे पाडावे की चंद्रकोरीच्या की पूर्णकुंभाच्या, याचा खल करतो. मोजण्याचा दोरा घरी विसरला म्हणून गळ्यातील जानवेच लावतो. (हा प्रसंग सांगताना पुढच्या रांगेतील जानवेधारी मंडळी सर्वांत मोठ्याने हसतात.) आत शिरल्यावर जुने दार कुरकुरेल म्हणून तो त्यावर पाणी शिंपडतो. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील अपहारवर्मा तर दिवे विझविण्यासाठी भुंग्यांची डबी जवळ बाळगतो. विनोद बाजूस ठेवला तर दोन्ही ग्रंथकारांचे निरीक्षण आजही खरे आहे. चोर मजबूत जागेशी झुंजत नाही; घर जेथे जीर्ण आहे आणि घरधनी जेथे बेसावध आहे तेथे तो येतो.

वर्तमानपत्रांतील घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : 'दरवाजाचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला.' वाचकांनी या वाक्याचा नीट विचार करावा. कुलूप तुटले असे त्यात नाही. भारी किमतीचे कुलूप पुष्कळदा शाबूत असते. ते ज्या कोयंड्यात लावले तो मात्र अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर उभा असतो. कटावणीची एक पिळ बसली की कोयंडा कुलपासह खाली येतो. म्हणून नव्या कुलपावर पैसे घालण्यापूर्वी सुतारास बोलवावे. कोयंडा फळीतून आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा आणि नट आतल्या बाजूस घ्यावेत. बिजागऱ्या दोन असतील तर तिसरी लावावी. स्क्रू चौकटीत खोल जातील इतके लांब घ्यावेत. चौकट भिंतीत पक्की रोवलेली आहे की नुसत्या गिलाव्याने धरली आहे, हे ठोकून पाहावे. आतून जाड आडवी पट्टी किंवा जुन्या पद्धतीचा अडसर आजही कोणीही सुतार करून देतो. खिडकीचे गज चौकटीत खोल बसलेले असावेत. बाहेरून स्क्रूने लावलेली जाळी पेचकसाने पाच मिनिटांत निघते. आणि परसदार विसरू नये. दर्शनी दाराला पितळी फुले आणि परसदाराला दोरीचा फास, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली. आमचेच एक होते.

सन १९८९ च्या कार्तिकीत घरची सर्व मंडळी कीर्तनाला गेली असता चोर त्याच परसदाराने आत शिरला. देवांची चांदीची उपकरणी आणि आईच्या पाटल्या गेल्या. ओसरीवर वारकरी उतरले होते; लोकांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या, तेव्हा वडील संतापले. ते म्हणाले, "चोर परसातून आला, आणि तुम्ही चौकशी ओसरीवर करता?" आमचे रक्त तरुण होते. आम्ही परसदार विटांनी बुजवून टाकले. सर्व खिडक्यांना दुहेरी गज घातले. दर्शनी दाराबाहेर लोखंडी जाळीचा दरवाजा बसविला आणि त्याला रात्री आतून कुलूप घालू लागलो. कुलूप बाजारातील उत्तमातील उत्तम. वडील म्हणाले, "अरे, आषाढी-कार्तिकीला पांडुरंगाचासुद्धा पलंग काढतात, दिवसरात्र दर्शन चालू असते. आपले घर तू किल्ला केलेस." आम्ही ऐकले नाही.

सन १९९१ च्या माघात एका रात्री दोनच्या सुमारास वडिलांच्या छातीत कळ आली. आम्ही खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारल्या. ते धावले आणि दहा मिनिटांत डॉक्टरांना घेऊन आले. आम्ही अडसर सारला, दार उघडले आणि जाळीच्या कुलपाशी थांबलो. किल्ली नव्हती. ती आम्ही उपरण्याच्या टोकाला बांधली होती. त्या रात्री कीर्तनाहून सोबतीने परतलो, तेव्हा आमच्या मुलाने कुलूप दाबून लावले. आणि उपरणे पेटीवाल्यांच्या पिशवीतून त्यांच्या घरी गेले होते. एक माणूस तिकडे पळाला. शेजारी पहार घेऊन कुलपाशी झटू लागले, पण कुलूप चांगले होते. आम्ही आणि आई, दोघांनी वडिलांना उचलून सोप्यातील खिडकीशी आणले. डॉक्टरांनी गजांतून हात घालून नाडी पाहिली. तेथूनच एक गोळी दिली, ती आम्ही वडिलांच्या जिभेखाली ठेवली. कुलूप तुटून डॉक्टर आत आले तेव्हा वडील गेले होते.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. अर्धा तास आधी आत येऊनही उपयोग झाला नसता. त्यांचे म्हणणे खरे असेल. आम्ही त्यांना पुन्हा विचारले नाही.

तेव्हापासून दारांकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. पुण्यास शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहताना लोक त्यावरील टोकदार सुळे पाहून थक्क होतात. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसविलेले. परंतु सन १७७३ मध्ये, गणेशोत्सवाच्याच दिवसांत, नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो पहाऱ्यासाठी नेमलेल्या गारद्यांकडून. पुढे १८२८ च्या आगीत आतील वाडा भस्म झाला; तट आणि दरवाजा आजही उभे आहेत.

याहून जवळचे उदाहरण किल्लारीचे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी गणपती बोळवून दमलेली गावे झोपी गेली आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हादरली. पंढरपुराहून धान्य-कपडे घेऊन निघालेल्या एका मालमोटारीबरोबर आम्हीही गेलो होतो. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद, बाहेरच्या अंगास खिडक्या बेताच्याच. असे घर उन्हाळ्यात थंड आणि चोराला अभेद्य. रझाकारांच्या काळात या भिंतींनीच आम्हांस वाचविले, असे एका म्हाताऱ्याने ढिगाऱ्याकडे बोट दाखवून आम्हांस सांगितले. त्याच भिंतींखाली हजारो माणसे गेली. घर फक्त चोराचा विचार करून बांधले की बाकीची संकटे आतल्या माणसावर येतात, हे तेथे डोळ्यांना दिसत होते.

आज शहरांतून सदनिकांच्या खिडक्या आणि सज्जे लोखंडी पिंजऱ्यांनी बंद झाले आहेत. चोरी होते, मुले पडण्याची भीती असते. कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु आग जिन्याकडून लागली तर बाहेर पडावयाचे कोठून? निजण्याच्या प्रत्येक खोलीतील एका तरी खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप असावी. तिला कुलूप न घालता, बाहेरून हात न पोहोचेल अशा जागी खिट्टी बसवावी. आणि ती वर्षातून दोनदा उघडून, तेल घालून ठेवावी. लोखंड पावसाळ्यात गंजते, आणि गंजलेली खिट्टी म्हणजे भिंतच.

पुराची गोष्ट आणखी निराळी. उजनी आणि वीर धरणांचे पाणी सुटले की चंद्रभागेचे वाळवंट बुडते आणि नदीकाठच्या वस्तीस घरे सोडण्याच्या सूचना मिळतात. अशा वेळी पुष्कळांचे पाय निघत नाहीत. मागे घर कोणी फोडील ही भीती असते. २०१९ मध्ये कृष्णाकाठच्या आमच्या एका यजमानांनी याच भीतीपायी दोन रात्री माडीवर काढल्या. त्यांस आम्ही नंतर हिशेब मांडून दाखविला. तीन फूट रुंदीचे, बाहेर उघडणारे दार घ्या. बाहेर दीड फूट पाणी चढले आणि आत ते शिरले नाही, तर त्या दारावर सुमारे ९५ किलो भार पडतो. पाणी दुप्पट चढले की भार चौपट होतो. म्हणून पाणी उंबरठ्याशी येण्याआधी निघावे. विजेचा मुख्य खटका बंद करावा, कागदपत्रांची आणि दागिन्यांची एक पिशवी बरोबर घ्यावी, कुलूप लावावे आणि मागे वळून पाहू नये. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात.

या सर्वांत शेजाऱ्याचे स्थान मोठे. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणात नगराची व्यवस्था लावताना उन्हाळ्यातील आगीसाठी प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडा, पखाल ठेवावयास सांगितले आहे आणि रात्री घरधन्याने आपल्या दाराशीच असावे, असा नियम घातला आहे. पेटलेल्या घराकडे जो घरमालक धावत नाही त्यास बारा पण दंड, भाडेकरूस सहा. भाडेकरूस निम्मीच सूट का, यावर भाष्यकारांशी वाद घालता येईल. तूर्त तो राहू द्या. आमच्या घराची दुसरी किल्ली आज शेजारी असते आणि त्यांची आमच्याकडे. त्या रात्री ज्यांनी पहार चालविली त्यांचा नातू ती आता सांभाळतो.

परसदार आम्ही पुन्हा उघडले, त्यालाही अडसर बसविला. जाळीचा दरवाजा आहे, पण आतून कुलूप नाही, खिट्टी आहे. बाहेरगावी जाताना लावावयाच्या कुलपाची किल्ली सोप्यातील खुंटीवर असते. तेथवर कोणत्याही खिडकीतून हात पोहोचत नाही. ती खुंटी वडिलांच्या पगडीची. आज दुपारी नातवाला घेऊन दोन्ही अडसरांना खोबरेल चोळले. गेल्या कोजागरीला त्याचा हात खुंटीला पुरत नव्हता, म्हणून ती वीतभर खाली घेतली आहे.