फायबरची बोटही कुजते, बाई!

बाजारात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. साडीचा पदर उलटा करून मागची वीण बघतो. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूला एवढी पारख! पण घरातली सगळ्यात महागडी वस्तू घ्यायची वेळ आली की पुरुषमंडळी ती ‘बघून येतात’ आणि आपण फक्त कर्जाच्या कागदावर सही करतो. प्रसंगी पाटल्याही गहाण टाकतो. आमच्याकडे, म्हणजे किनारपट्टीवर, ही महागडी वस्तू बहुतेकदा बोट असते.

मी सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. बी.ए. झालेली, विषय मराठी. यंत्राशी संबंध मिक्सर आणि शिलाई मशीनपुरता. पण गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांचं काम करतेय, त्यामुळे कर्ज कशाला काढायचं आणि कशाला नाही, या चर्चेत रोजचा सहभाग. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली स्वतः होडी वल्हवत पर्यटकांसाठी कांदळवनाची सफर सुरू केली, तेव्हापासून आमच्याकडच्या गटांतही ‘आपण पण बोट घेऊया’ हा विषय अधूनमधून निघतो. नवी बोट आणि नवं मशीन परवडत नाही. मग जुनी बघायची. पहाटे घरधन्याने जाळं टाकायला न्यायची, दुपारी पर्यटक फिरवायचे आणि गणपतीत पलीकडच्या काठावरच्या माहेरी जायलाही तीच. अशी ही घरची बोट.

आणि मग हमखास एक वाक्य ऐकू येतं, “ताई, लाकडाची नको. फायबराची घेऊया. फायबर खंय कुसता?”

फायबर कुजत नाही, हे खरंच आहे. पण नुसत्या फायबरची बोट फार थोडी असते, ही त्यातली मेख. आमच्या गावात जन्मभर होड्या बांधलेले एक वृद्ध सुतार आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी मला एका वाक्यात समजावलं, “गे बाय, फायबर म्हणजे नुसतो अंगरखो. आतलो माणूस लाकडाचोच!”

होतं असं. काचेच्या तंतूंची चटई साच्यात पसरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. वाळलं की कवच तयार. हे कवच मजबूत असतं, पण पातळ असल्याने दाबलं की लवतं. मग जिथे जोर येतो तिथे आत लाकूड घालून वरून फायबरने मढवतात. मागची उभी भिंत, जिच्यावर मशीन लटकतं, तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. तळाशी नाळेपासून मागपर्यंत जाणारे लांब दांडे, आपण पाय ठेवतो ती जमीन, बसायच्या फळ्यांखालचा भाग, अशा ठिकाणीही लाकूड असू शकतं. वरून सगळं गुळगुळीत, पांढरंशुभ्र. आतलं काही दिसत नाही.

या मढवलेल्या लाकडात पाणी शिरतं कुठून? मशीनचे बोल्ट, बसायच्या फळ्यांचे स्क्रू, तळाच्या बुचाचं भोक, कुठे आपटून गेलेली बारीक चीर. भोक पाडताना आतली कड नीट सील केली नसेल, तर तिथून पाणी लाकडात मुरतं. आणि शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, कारण दोन्ही बाजूंनी फायबर. डब्यात ओली पोळी भरून झाकण घट्ट लावलं तर दुसऱ्या दिवशी काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. इथेही तीच बुरशी. तिला ओल, ऊब आणि थोडी हवा एवढंच लागतं. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर ते कुजत नाही. वर गेली आणि तशीच राहिली की बुरशीचं काम सुरू.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. आपल्याला वाटतं, समुद्राचं खारं पाणी लाकूड खातं. पण मीठ या बुरशीला मानवत नाही. कैरी आपण मिठातच टिकवतो ना! कुजवतं ते गोडं पाणी, म्हणजे पावसाचं. आता आपल्याकडचा हिशेब बघा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, प्रवासी बोटीही पावसाळ्यात बंद असतात. म्हणजे ऐन पावसात बोट किनाऱ्यावर उभी. नीट झाकली नाही आणि बूच काढलं नाही, तर तिचं टाकं होतं. एका पावसाळ्यात मागच्या भिंतीचं जेवढं नुकसान होईल, तेवढं खाडीत वर्षभर फिरूनही होत नसेल.

म्हणून जुनी बोट घ्यायची असेल तर आधी विकणाऱ्याला विचारा, “पावसाळ्यात कुठे ठेवत होता?” शेडमध्ये, झापांखाली, की उघड्यावर? नुसतं विचारू नका, ती जागा बघून या.

आता प्रत्यक्ष बोट कशी बघायची? काकांनी शिकवलं ते आणि नंतर दोन-तीन जाणकारांना विचारून घेतलं ते, असं एकत्र सांगते.

पाण्यावर तरंगणारी बोट बघून सौदा करू नका. किनाऱ्यावर ओढून घ्यायला लावा. बघायला जायचं ते भर उन्हात, घाईची वेळ टाळून.

पहिली परीक्षा नाकाची. बोटीतली बंद झाकणं उघडा आणि वाकून वास घ्या. श्रावणात न वाळलेल्या गोधडीला येतो तसा कोंदट वास आला तर सावध.

मग चपला काढून आत चाला. अनवाणी पायाला जमीन टणक लागली पाहिजे. शेणाने सारवलेल्या ओल्या अंगणासारखी मऊ लागली, दबली, की खालचं लाकूड गेलं समजा.

त्यानंतर माठ वाजवायची विद्या! रुपयाचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि मागची भिंत वीतभर अंतरावर वाजवत जा. टणटणीत आवाज एकसारखा आला तर चांगलं. मध्येच भद्द, मेल्यासारखा आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. डाव्या बाजूचा आवाज उजवीकडे त्याच जागी वाजवून ताडून बघा. बुचाच्या आसपास आणि मशीनच्या बोल्टांखाली जास्त वेळ द्या, कारण पाणी खाली साचतं.

मग मशीनची परीक्षा. मशीन अर्धवट वर उचलून ठेवायचं. एकाने त्याचा पंख्याकडचा भाग हाताने खाली-वर दाबायचा आणि दुसरीने भिंतीकडे डोळे लावून बसायचं. मशीनबरोबर भिंतही हलली, कोपऱ्यात चीर उघड-मीट झाली, तर त्या बोटीला नमस्कार करून घरी यावं. भर खाडीत माणसं बसलेली असताना ही भिंत फाटली तर काय होईल, हे मी लिहायला नको.

शेवटची परीक्षा स्क्रूची. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आतल्या बाजूचा, जितका खालचा मिळेल तितका, एक स्क्रू काढायला लावा. भोकातून चहासारखं तांबूस पाणी आलं, किंवा स्क्रूच्या आट्यांना काळपट ओला भुसा चिकटला, तर आतली हकीकत कळली. शंका उरलीच तर आतून एक बारीक भोक पाडून भुसा बघतात. फिकट आणि कोरडा असेल तर चांगला. ते भोक नंतर इपॉक्सीने लगेच बुजवून घ्यायचं.

नव्या रंगाला तर भुलूच नका. गेल्या वर्षी गटाच्या चार बायका आणि मी मिळून तीन बोटी बघितल्या. दुसरी अशी चकचकीत की वाटावं आजच साच्यातून काढलीय. निळा पट्टा, आत नवं रेक्झिन. विकणारा म्हणाला, “बायका कशाला आल्या? घरच्या पुरुषांना पाठवा.” आमच्यातली एक वहिनी फार बोलणारी नाही. तिने मुकाट्याने कमरेचा बटवा काढला, त्यातून नाणं घेतलं आणि मागची भिंत वाजवत सुटली. उजवीकडे टणटण, डावीकडे भद्द. स्क्रू काढायला सांगितल्यावर गृहस्थांचा चेहरा उतरला. “एवढा कोण बगता!” म्हणाले. आम्ही आभार मानून निघालो. रस्त्यात कुणी बोलेना, कारण गटाच्या कर्जाची सगळी रक्कम त्या दिवशी तिथे जाणार होती.

तिसरी बोट दिसायला साधी होती. रंग उडालेला, एका बाजूला ठिगळ. पण मालकाने ती कुणाच्या साच्यात, कधी बांधून घेतली ते सांगितलं आणि बांधणाऱ्याला फोन लावून दिला. मागच्या भिंतीत लाकडाऐवजी दाट फोमचा भराव होता. तीच घेतली.

हा प्रश्न नक्की विचारा, “मागच्या भिंतीत आणि तळाच्या दांड्यांत काय घातलंय?” लाकूड अजिबात नसेल आणि फोमचं काम नीट केलेलं असेल, तर कुजण्याची काळजी गेली. मात्र फोमच्या बोटीतही पाणी शिरू शकतं आणि वजन वाढतं, तेव्हा वाजवून तीही बघायचीच. ॲल्युमिनियमची बोट असेल तर तिचीही मागची भिंत तपासा, कारण काहींमध्ये तिथे लाकूड असतंच. प्लायवूड असेल तर साधं की मरीन? मरीन प्लायवर आय.एस. ७१० हा शिक्का असतो. त्याचा गोंद पाण्याने सुटत नाही. पण कड उघडी राहिली आणि ओल कायम राहिली तर मरीन प्लायचंही लाकूडच ते.

मग जुनी लाकडी होडी वाईट का? तसं मी म्हणणार नाही. लाकडी होडीचं दुखणं वरून दिसतं. टोच्याने टोचलं की मऊ जागा कळते, एक फळी काढून दुसरी बसवता येते. तिला पाण्याखाली दुसराच शत्रू, लाकूड पोखरणारा टेरेडो. दिसायला अळीसारखा, पण जात शिंपल्याची. म्हणून तर जुनी माणसं दरवर्षी होडी ओढून, वाळवून, तिला तेल पाजायची. ती मेहनत करायला घरात माणूस असेल तर लाकडी होडीही पिढीभर साथ देते. फायबरच्या भिंतीतलं लाकूड बदलायचं तर मशीन उतरवा, कवच कापा, आतला सगळा कुजका माल खरवडा, नवा भराव घाला, पुन्हा फायबर चढवा. जुन्या बोटीच्या किमतीत हा खर्च बसत नाही. म्हणून आधी बघणं स्वस्त.

कागदांचंही तेवढंच. खाडीत मशीनवर चालणाऱ्या प्रवासी बोटीला अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला आणि विमा, तिन्ही बघा. प्रवासी बसवायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन आधी चौकशी करा. आणि दाखला आहे म्हणून नाणं घरी ठेवू नका. दाखला देणारा अधिकारी भिंत फोडून आत बघत नाही.

बोट घेतल्यावरची काळजी तर आपल्याच हातातली. किनाऱ्यावर चढवली की पहिलं काम बूच काढायचं. नाळ थोडी उंच ठेवायची, म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. ताडपत्री अंगाला घट्ट लपेटू नये; मध्ये आडवा वासा घालून घराच्या पाख्यांसारखी टाकावी, दोन्ही टोकांनी वारा खेळला पाहिजे. नारळी पौर्णिमेआधी सगळे स्क्रू आणि बोल्ट तपासून ढिले असतील तिथे सीलंट भरावं. आणि मनात आलं म्हणून कुणी कुठेही नवं भोक पाडायचं नाही. आमच्या गटाने तसा ठरावच केलाय.

आणखी एक ठराव झाला. बोटीच्या नोंदणीवर बायकांचीही नावं लागली. हप्ता भरणारीचं नाव कागदावर नको का? ती अबोल वहिनी आता गावात कुणीही जुनी बोट घ्यायला निघालं की बोलावणं येतं तिला. परवा पलीकडच्या वाडीतले दोन बाप्ये दारात येऊन म्हणाले, “वयनी, जरा येशात? बोट वाजवून बगूची आसा.”