ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अध्ययन-साहाय्य : जळगाव व धुळे परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ग्रंथालय व माहितीशास्त्र, दूरशिक्षण, ऑनलाइन अध्ययन, तालिकीकरण, वर्गीकरण, महाविद्यालयीन ग्रंथालय, खानदेश.

प्रस्तावना

ग्रंथालय व माहितीशास्त्र हा विषय शिकणारा विद्यार्थी हा बहुधा केवळ विद्यार्थी नसतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊ पाहणाऱ्यांमध्ये गावच्या सार्वजनिक वाचनालयात अल्प मानधनावर काम करणारे, शाळा-महाविद्यालयांत ग्रंथालय परिचर म्हणून नोकरी करणारे आणि अन्य विषयातील पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेले तरुण-तरुणी असतात. त्यांना दररोज वर्गात बसणे शक्य नसते. त्यामुळे दूरशिक्षण आणि अलीकडच्या काळात ऑनलाइन अध्ययन हा त्यांच्यासाठी सोयीचाच नव्हे, तर अनेकदा एकमेव मार्ग ठरतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यानंतर सर्वच विषयांचे अध्यापन काही काळ ऑनलाइन झाले व ऑनलाइन साधनांविषयी सर्वत्र चर्चा झाली. तथापि साधने उपलब्ध असणे आणि विद्यार्थ्यास साहाय्य मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास आज उपलब्ध असलेली ऑनलाइन साधने, त्यांच्या मर्यादा आणि त्या भरून काढण्यासाठी खानदेशातील महाविद्यालयांना काय करता येईल, याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

ग्रंथपालनाचे शिक्षण मातृभाषेतून व कार्यक्षेत्राच्या जवळ मिळावे, हा विचार नवा नाही. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम ॲलन्सन बोर्डेन यांना पाचारण केले व १९११ मध्ये तेथे ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. पुढील वर्षी निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकुरालाही स्थान होते. ग्रंथालयसेवकास त्याच्या भाषेत व्यवसायज्ञान मिळाले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाल्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता व अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली आणि प्रशिक्षित सेवकांची गरज वाढली. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाची मराठीतील स्वयंअध्ययन पुस्तके, अभ्यासकेंद्रे, संपर्कसत्रे आणि समंत्रक यांमुळे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण तालुक्यापर्यंत पोहोचले. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. अशा रीतीने शिक्षणाची दारे जवळ आली. पुढचा प्रश्न आहे तो शिकत असताना मिळणाऱ्या साहाय्याचा.

उपलब्ध ऑनलाइन साधने

आज विद्यार्थ्यास विनामूल्य मिळणाऱ्या साधनांची संख्या लक्षणीय आहे. स्थूलमानाने त्यांचे तीन गट करता येतात.

(१) अभ्यासक्रमाधारित साधने : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ई-पीजी पाठशाला या प्रकल्पात ग्रंथालय व माहितीशास्त्राचे पदव्युत्तर स्तरावरील पाठ आहेत. प्रत्येक पाठाबरोबर मजकूर, चित्रफीत, स्वयंमूल्यमापन आणि अधिक वाचनाची सूची अशी रचना आढळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या मंचावर या विषयाचे अभ्यासक्रम वेळोवेळी चालविले जातात. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’द्वारे मिळविण्याची मुभा होती, २०२१ च्या विनियमांनी ती मर्यादा ४० टक्के केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पाठ्यसाहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या भांडारात वाचता येते.

(२) संदर्भ व संशोधन साधने : भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि प्रबंधांचे भांडार असलेले ‘शोधगंगा’ ही यांतील प्रमुख होत. पदव्युत्तर विद्यार्थ्यास आपल्या विषयावर पूर्वी कोणते काम झाले आहे, हे शोधगंगेमुळे घरबसल्या पाहता येते.

(३) व्यावसायिक कामाची साधने : अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसची तालिका, तिच्या प्रमाणित नामनोंदी आणि मार्क २१ या नोंदस्वरूपाची संपूर्ण नियमावली जालावर खुली आहे. ‘कोहा’ ही ग्रंथालय संगणकीकरणाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात २००० साली प्रथम वापरात आली. आज ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

साधनांच्या मर्यादा

वरील यादी पाहता विद्यार्थ्यास काही कमी आहे असे वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र चार अडचणी जाणवतात.

पहिली अडचण भाषेची आहे. ऑनलाइन पाठ मुख्यतः इंग्रजीत व काही अंशी हिंदीत आहेत. घरी अहिराणी वा लेवा बोली, शाळेत मराठी आणि पडद्यावर इंग्रजी असा ज्याचा प्रवास आहे, त्याला संकल्पना व भाषा या दोहोंशी एकाच वेळी झगडावे लागते.

दुसरी अडचण स्तराची आहे. ई-पीजी पाठशालेतील पाठ पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिले आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीस नव्याने प्रवेश घेतलेला विद्यार्थी त्यांकडे वळला, तर तो बुजण्याचीच शक्यता अधिक.

तिसरी अडचण साधनांच्या मूल्याची आहे. ड्युई दशांश वर्गीकरणाची तेविसावी आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची सतत अद्ययावत होणारी ऑनलाइन आवृत्ती सशुल्क असल्याने वैयक्तिक विद्यार्थ्यास ती परवडत नाही. म्हणजे वर्गीकरणावरील व्याख्यान विनामूल्य मिळते. पण ज्या कोष्टकांवरून वर्गांक तयार करावयाचा, ती कोष्टके हाती नसतात.

चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. वर्गीकरण, तालिकीकरण व संदर्भसेवा ही कौशल्ये करून शिकावी लागतात. पोहण्यावरील व्याख्यान ऐकून जसे पोहता येत नाही, तसे तालिकीकरणावरील चित्रफीत पाहून नोंद करता येत नाही. विद्यार्थ्याने नोंद करावी, जाणकाराने ती तपासावी, चूक कोठे व का झाली हे सांगावे आणि विद्यार्थ्याने ती पुन्हा करावी, हा क्रम अनिवार्य आहे. ऑनलाइन साधनांतील बहुपर्यायी चाचणी उत्तर बरोबर की चूक एवढेच सांगते. विचाराची वाट कोठे चुकली, हे ती सांगू शकत नाही.

एक उदाहरण

ही चौथी मर्यादा स्पष्ट होण्यासाठी खानदेशातीलच एक उदाहरण घेता येईल. एखाद्या विद्यार्थ्यास ‘बहिणाबाईंची गाणी’ या पुस्तकाची नोंद करण्यास सांगितले, तर काय घडेल?

प्रथम नावाचा प्रश्न येतो. मराठीत बहिणाबाई दोन आहेत. एक सतराव्या शतकातील, तुकारामांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई (१६२८-१७००); दुसऱ्या जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१). संगणकावर केवळ ‘बहिणाबाई’ असा शोध घेतल्यास दोघींची पुस्तके एकत्र येतात. त्यांना वेगळे ठेवण्यासाठी आडनाव, जन्म-मृत्यूची वर्षे यांसह प्रमाणित नामनोंद का करावयाची, हे विद्यार्थ्यास येथे प्रत्यक्ष उमगते.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या मंडळींनी उतरून घेतली व त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नांतून ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ज्यांनी गाणी रचली त्या, ज्यांनी ती उतरून घेतली ते आणि आचार्य अत्रे यांच्यासारखे प्रस्तावनाकार, यांपैकी मुख्य नोंद कोणाच्या नावे आणि अन्य नावांना नोंदीत कोणते स्थान, याचा निर्णय घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न वर्गांकाचा. दशांश वर्गीकरणात मराठी काव्याचा मूळ वर्गांक ८९१.४६१ होय. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात मात्र कवीच्या जन्मवर्षावरून वर्गांक पुढे वाढतो. मराठी काव्यासाठी ‘ओ१५५,१’ व त्यापुढे १८८० या जन्मवर्षासाठी ‘एम८०’ असे चिन्ह येते. संत बहिणाबाईंसाठी तेथे ‘के२८’ येईल. म्हणजे जन्मवर्ष चुकले की वर्गांक चुकला आणि पुस्तक दुसऱ्याच कवीजवळ जाऊन बसले. जन्मवर्ष कोणत्या संदर्भग्रंथात पडताळावे, हा संदर्भसेवेचा पाठ त्यातूनच सुरू होतो.

अशी उदाहरणे या परिसरात विपुल आहेत. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे वाचकांना ‘बालकवी’ म्हणूनच माहीत आहेत. अमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेले पांडुरंग सदाशिव साने हे ‘साने गुरुजी’ या नावाने सर्वतोमुखी आहेत. कोणते नाव स्वीकारावयाचे आणि दुसऱ्या नावावरून ‘पाहा’ संदर्भ कसा द्यावयाचा, हे येथे शिकविता येते. अहिराणी पुस्तक हाती आले तर प्रश्न आणखी अवघड होतो. मार्क भाषासंकेतांच्या यादीत मराठीला स्वतंत्र संकेत आहे, अहिराणीला नाही. भाषासंकेतांच्या अधिक विस्तृत आंतरराष्ट्रीय प्रमाणात मात्र अहिराणीची स्वतंत्र नोंद आहे. हे पुस्तक ‘मराठी’ म्हणून नोंदविले, तर अहिराणी साहित्य शोधणाऱ्या अभ्यासकास ते सापडणार नाही. या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत वा बंगळुरूत तयार झालेल्या पाठात मिळण्याची अपेक्षा करता येत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथालयाची भूमिका

यावरून असे दिसते की, ऑनलाइन साधनांना स्थानिक साहाय्याची जोड हवी आणि ती देण्यास महाविद्यालयीन ग्रंथालय हेच सर्वांत योग्य स्थान आहे. तेथे प्रशिक्षित ग्रंथपाल आहे, वर्गीकरणाची छापील कोष्टके आहेत, संगणक आहेत आणि मुख्य म्हणजे नोंदी करण्यासाठी खरी पुस्तके आहेत. पुढील उपाय मोठ्या खर्चाविना योजता येतील.

(१) ग्रंथालयातील एका संगणकावर कोहा प्रणाली केवळ सरावासाठी स्थापित करावी. ग्रंथालयाच्या मूळ तालिकेस धक्का न लागता विद्यार्थ्यास निर्भयपणे चुका करता येतील. संगणकशास्त्र विभागाचे सहकार्य येथे मोलाचे ठरेल.

(२) प्रत्येक विद्यार्थ्यास दर आठवड्यास मोजक्या पुस्तकांच्या नोंदी द्याव्यात व ग्रंथपालाने त्या तपासून आठवड्याच्या आत अभिप्राय द्यावा. दूरच्या तालुक्यातील विद्यार्थ्यास मुखपृष्ठ व शीर्षकपृष्ठाची छायाचित्रे पाठवून हेच काम दूरध्वनीवरून करता येते.

(३) शिरपूर, चोपडा वा यावल तालुक्यांच्या सातपुड्यालगतच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निवडक पाठ आधीच उतरवून ठेवावेत, म्हणजे जालजोडणीवाचून ते पाहता येतील.

(४) इंग्रजी पाठातील संज्ञांना मराठी प्रतिशब्द व एक-दोन ओळींचे स्पष्टीकरण देणारी टिपणे तयार करावीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करण्याची सवय आरंभापासून लावावी. जुन्या टंकांत केलेल्या नोंदी अन्य संगणकावर शोधता येत नाहीत, हा अनेक ग्रंथालयांचा अनुभव आहे.

(५) परिसरातील संग्रहांना अभ्यासभेटी द्याव्यात. धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि रामदासी हस्तलिखितांचा संग्रह असलेले श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर ही ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी जिवंत पाठशाळाच होत. हस्तलिखितास छापील शीर्षकपृष्ठ नसते. कर्ता, लेखक व काळ हे बहुधा पुष्पिकेतून शोधावे लागतात. येथे इतिहास व मराठी विभागांच्या प्राध्यापकांचे मार्गदर्शन आवश्यक ठरेल.

या उपायांत एकच वस्तू महाग आहे आणि ती म्हणजे ग्रंथपालाचा वेळ. देवघेव, दाखलनोंदी व मूल्यांकनाची कागदपत्रे यांत गुंतलेल्या ग्रंथपालावर हे काम केवळ सद्‌भावनेच्या बळावर सोपविणे न्याय्य होणार नाही. महाविद्यालयाने ते अध्यापनकार्य म्हणून मान्य करावे व त्यासाठी वेळापत्रकात तासिका नेमून द्यावी.

समारोप

ऑनलाइन साधनांनी ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास व्याख्याने, पाठ व संदर्भसाहित्य मुबलक दिले आहे. त्याची चूक दुरुस्त करणारा हात मात्र दिलेला नाही. तो हात त्याच्या जवळच्या महाविद्यालयातूनच पुढे यावयास हवा. हे न घडल्यास होणारे नुकसान विद्यार्थ्यापुरते मर्यादित राहणार नाही. पदवी असूनही नोंद न करता येणारा सेवक वाचनालयात रुजू झाला, तर तेथील पुस्तके कपाटात असूनही सापडेनाशी होतात. खानदेशातील लेखक, बोली आणि हस्तलिखिते यांच्या नोंदी येथील प्रशिक्षित माणसांनीच करावयाच्या आहेत. ती माणसे घडविण्याचे काम एका विभागाचे नसून संपूर्ण महाविद्यालयाचे आहे.